मागच्या दाराची पट्टी

माझी गाडी जुनी झालीय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण आमच्या मोशीच्या सोसायटीत सांगणारे कमी नाहीत. इंजिन ठणठणीत, पत्रा ठीक, रंगही बरा. पण बंपर, आरशांची टोपणं आणि दारांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे मुळात काळंभोर असलेलं सगळं प्लॅस्टिक, उन्हानं पार पांढुरकं पडलं होतं. आमच्या पार्किंगला छप्पर नाही, आणि शेजारी बांधकाम चालू. मला त्याचं काही वाटत नव्हतं. चाकणला कंपनीत जायचं, यायचं. गाडीनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही, मग मी तिच्या तोंडाकडे कशाला बघू?

मग मुलीचं लग्न ठरलं. स्थळ रावेतचं, माणसं चांगली. नवरीला घरून कार्यालयात न्यायचं काम आमच्या बाजूचं, आणि ती माझ्याच गाडीतून जाणार हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. दहावीच्या पेपरांना, आकुर्डीच्या कॉलेजला, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला, सगळीकडे तिला याच गाडीतून सोडलंय. आता शेवटच्या खेपेला दुसऱ्याची गाडी? छे.

मुलीचा मामा, म्हणजे माझे मेहुणे, म्हणाले की आपली नवी मोठी गाडी आहे, फुलं लावून आणतो. मी सरळ नाही म्हणालो. जरा चढ्या आवाजातच म्हणालो. माझा आवाज उतरता कधी नसतोच. मुलगीही लगेच म्हणाली की पप्पांच्याच गाडीतून जाईन. माझी छाती फुगली. मग एकदा सेकंड शिफ्टला निघताना मी दाराशी बूट घालत होतो, आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. आईला सांगत होती, "मामाच्या गाडीत फोटो बरे आले असते गं. पण पप्पांना नको बोलूस."

एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी मी घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. बुटाची नाडी बांधली, खाली उतरलो आणि गाडीसमोर उभं राहून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पोरीचं काय चुकलं होतं? लग्नाचे फोटो जन्मभर राहतात, आणि त्यात हा पांढराफटक बंपर. तिच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नाही. ते तिला माझ्यापासून लपवावं लागलं, याचं फार वाईट वाटलं. ठरवलं, फोटोत तिला लाज वाटेल असं या गाडीवर काही ठेवायचं नाही.

आधी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं खोबरेल तेल चोळलं. सकाळी प्लॅस्टिक असं चमकलं की मीच माझ्यावर खूश. संध्याकाळपर्यंत त्या तेलावर इतकी धूळ बसली की बंपरवर मेथी पेरली असती तर उगवली असती. बायको म्हणाली, त्यापेक्षा माझ्या डोक्याला लावलं असतंत तर सत्कारणी लागलं असतं.

मग सुट्टीच्या दिवशी माझा कंपनीतला दोस्त आला. त्याचं आयुष्य बंपरच्या लाइनवर गेलंय. येताना तो हीट गन घेऊन आला. गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, दिसायला केस वाळवायच्या मशीनसारखं. म्हणाला, काळेपणा आतच असतो, ऊब दिली की वर येतो, फक्त हात कुठं थांबवायचा नाही. आणि खरंच राव, झोत फिरेल तसा पांढुरकेपणा जाऊन काळा रंग वर यायला लागला. बंपर नवाकोरा दिसायला लागला. माझ्या अंगात उत्साह संचारला. म्हटलं, मागच्या दाराची पट्टी मीच करणार, पोरगी त्याच दारानं बसणार आहे.

पट्टी अर्धी झाली आणि मांडववाल्याचा फोन आला. खुर्च्यांना कव्हर पांढरी सांगितली होती, तो गुलाबी म्हणत होता. झालं, मी भांडायला लागलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हीट गन, आणि तो दुसरा हात जागच्या जागी थांबला. भांडण संपवून बघतो तर पट्टीवर वितळून वीतभर सुरकुतलेला चट्टा. दोस्तानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, राहू दे भाऊ, लोक नवरीला बघतील, पट्टीला नाही. चहा पिऊन तो गेला.

मला राहवतंय थोडंच. आम्हा कंपनीवाल्यांच्या घरात एखादे वेळी साखर नसेल, पण काळ्या बूटपॉलिशची डबी असतेच. लग्नाच्या आदल्या दिवशी ती काढली. चट्ट्यावर थर दिला. मग उरलेली पट्टी वेगळी दिसायला लागली म्हणून तिच्यावर, मग चारही दारांवर, हँडलांवरसुद्धा. जुन्या मोज्यानं घासघासून चकाकी आणली. बायको म्हणाली, हे कपड्यांना लागेल. मी म्हणालो, बुटाचं पॉलिश कधी पँटला लागतं का? माझ्या पँटी तीच धुते.

लग्नाच्या सकाळी गाडी फुलं लावून फाटकाशी आणली. मागं मेहुण्यांची मोठी गाडी वऱ्हाडी घ्यायला उभी. मुलगी मामानं दिलेली पिवळी साडी नेसून खाली आली, आणि मला दोन मिनिटं काही दिसेना. ऊन चांगलं तापलं होतं. तिनं एका हातानं निऱ्या सावरल्या, दुसऱ्या हातानं दार उघडलं आणि त्याला वळसा घालून आत बसायला वळली. साडी पट्टीला घासली. पिवळ्या साडीवर गुडघ्यापाशी हा एवढा काळा फरकाटा उमटला.

मामी रुमाल ओला करायला धावल्या. पुसायला गेल्या तसा तो आणखी पसरला. मेहुण्यांनी आपल्या गाडीचं दार उघडून धरलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा चढा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. मी म्हणालो, "जा बाळा, मामाच्या गाडीत बस. फोटो चांगले येतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्या दिवशी मी आईला बोलले, ते तुम्ही ऐकलं होतंत ना?"

मी मान हलवली. तिनं दाराकडे बघितलं, त्या काळ्या कुळकुळीत पट्टीकडे, पॉलिशखालच्या चट्ट्याकडे. मग हँडलानं काळी झालेली स्वतःची बोटं बघितली.

"खाली वाका जरा, पप्पा."

मी वाकलो. लहानपणी तिची आजी तिला लावायची तशी तिनं माझ्या कानामागं एक तीट लावली. म्हणाली, "आज तुम्हालाच दृष्ट लागायची." मग डाग आत जाईल अशा निऱ्या दुमडल्या आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

आकुर्डीच्या कार्यालयापर्यंत गाडी कशी चालवली, मला आठवत नाही. दारात मेहुण्यांनी मला बाजूला घेतलं. कानामागं काहीतरी काळं लागलंय म्हणाले, आणि रुमाल पुढं केला.

मी म्हणालो, राहू द्या.