दोन्हीकडचा पाहुणा

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. खात्यात मी शिपाई म्हणून भरती झाले आणि परीक्षा देत देत उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, दोन खुनांच्या तपासातही होते. पण कुणी म्हणालं, मॅडम, तुमची एक केस सांगा, की मी हीच सांगते. हिच्यात रक्त नाही, पाठलाग नाही. शिवणकाम करणारी एक बाई आहे आणि तिचे माझ्यावर उपकार आहेत. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

आमचं ठाणं कराडात. सकाळची हजेरी झाली होती आणि मी महिला कक्षात आलेले अर्ज वाचत बसले होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. वय चाळिशीच्या पुढचं, डोक्यावर ओढणी, गळ्यात मापाची टेप तशीच. मशीनवरून उठून थेट आली असणार. गल्लीत तिला सगळे भाभी म्हणायचे, मीही पुढं तेच म्हणू लागले.

"बसा. काय तक्रार आहे?"

"तक्रार न्हाई मॅडम. एक इचारायचं हाय. तुमी रागावणार न्हाई ना?"

"विचारल्याशिवाय कसं सांगू?"

तिनं फोन काढून एक फोटो पुढं केला. लग्नाचं स्टेज. मधोमध मी, अंगावर सत्काराची शाल. माझ्या शेजारी भरजरी फेटा बांधलेला एक गृहस्थ, असा हसतोय की जणू माझा सख्खा भाऊ.

"ह्ये तुमचं कोण लागत्यात?"

मला आठवायला वेळ लागला. आमच्या एका हवालदाराच्या मुलीचं लग्न होतं, साताऱ्याच्या कार्यालयात. माईकवर माझं नाव पुकारलं, मी वर गेले. हा गृहस्थ आधीच वर होता. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ या. मी सरकले. बस्स, एवढंच.

"माझे कोणी नाहीत," मी म्हणाले.

तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "मग आमी बुडालो मॅडम. गुरवारी खरेदी हाय."

पाणी दिलं, आणि हळूहळू सगळं कळलं. गल्लीतल्या सात बायका. कुणी पापड करते, कुणी मेस चालवते, एकीचा मुलगा फौजेत. सोन्यात पैसे घालण्यापेक्षा मिळून एखादा बिनशेती प्लॉट घ्यावा, हे भाभीच्या डोक्यातून निघालं. दोन वर्षं तिनं एकेकीला समजावलं होतं. यातलं कुणालाच काही येत नव्हतं, म्हणून ओळखीचा माणूस शोधला, आणि ओळखीतूनच हा फेटेवाला भेटला. लोणंदच्या बाजूला त्यानं जमीन दाखवली. चुना लावलेले दगड, आखलेला रस्ता, सगळं व्यवस्थित. इसार दिला गेला. उरलेली रक्कम गुरुवारी खरेदीच्या वेळी द्यायची होती.

"इश्वास कसा ठेवला?" मी विचारलं. मीही मग तिच्यासारखंच बोलायला लागले होते.

"तुमचा फोटो दावला की त्यानं. म्हनला, मॅडम आमच्या घरच्याच."

माझ्या कानशिलावर कुणी मारल्यासारखं झालं, खरं सांगते.

"आणि आज शंका का आली?"

इथं त्या बाईची हुशारी बघा. लग्नघरच्या बायका ब्लाउज शिवायला येतात तेव्हा फोनमध्ये कुठल्या तरी लग्नाचे फोटो घेऊन येतात. भाभी, असा गळा हवा, अशी बाही हवी. एकीनं इस्लामपूरच्या लग्नातला फोटो दाखवला. भाभीनं गळा बघितला आणि मागं स्टेजवर हाच माणूस दिसला. आठवड्यानं दुसरीच्या फोनमध्ये कोरेगावचं लग्न, तिथंही हाच, तसाच सत्कार घेताना. भाभीनं दोघींना विचारलं, हे कोण तुमचे? पहिली मुलीच्या बाजूची होती, ती म्हणाली, मुलाकडचे असतील. दुसरी मुलाच्या बाजूची होती, ती म्हणाली, मुलीकडचे आहेत ना ते.

"तवा माझ्या काळजात धस्स झालं मॅडम. दोनी घरं म्हनत्यात आमचा न्हाई. मग ह्यो हाय कुणाचा?"

तिला म्हटलं, "फोटोत मीच आहे, तर माझ्याकडंच कशा आलात? मी त्याला मिळालेली असते तर?"

"सगळ्या जनी त्येच म्हनत हुत्या. मी म्हनलं, फोटोतल्या मानसालाच इचारू. लय तर काय, हाकलून देतील."

तीस वर्षं नोकरीत मी माणसांची पारख शिकले असं समजत होते. माझ्या नावावर डाग पडत होता, मला पत्ता नव्हता, आणि तो पुसायला ही बाई टेप गळ्यात घेऊन धावत आली होती.

मी तडक निरीक्षक साहेबांकडं गेले आणि फोटोसकट सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "तपास मी माझ्याकडं घेतो. तुमचा जबाब होईल, साक्षीदार म्हणून." त्या दिवशी पहिल्यांदा मी टेबलाच्या पलीकडं बसले. समोर माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी, जबाब लिहून घेत होती. "सदर इसमास मी यापूर्वी ओळखत होते काय?" तिनं खाली मान घालून विचारलं. "नाही," मी म्हणाले. "मग शेजारी का उभ्या राहिलात?" प्रश्न बरोबर होता. "फोटोवाला म्हणाला म्हणून," मी म्हणाले, आणि तिनं ते तसंच लिहून घेतलं.

गुरुवारपर्यंत तीन दिवस होते. भाभीला सांगून ठेवलं, त्याला काही कळू देऊ नका, खरेदीला येतोच म्हणून सांगा. गट नंबर काढून सातबारा पाहिला, तर जमीन भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर. आमचा शिपाई जाऊन त्याला भेटला. म्हातारा म्हणाला, "दगड? मला वाटलं मोजणीवाल्यांनी रोवल्यात." फसवणूक उघड होती. पण हा पुढं म्हणू शकत होता की मलाच कुणीतरी फसवलं, मी साधा मध्यस्थ. त्याची रीत सिद्ध करायची होती.

ती सिद्ध केली लग्नातल्या निवेदकानं. आमच्या भागात लग्न म्हटलं की माईक धरणारा एक माणूस लागतोच. निवृत्त मास्तर होते ते, सातारा-सांगली दोन्हीकडं फिरायचे. साहेबांनी बोलावल्यावर आले ते कापडी पिशवी घेऊनच.

"साहेब, सत्काराची नावं चिठ्ठीवर येत्यात. एखादं राहिलं तर मामा रुसतो, आत्या जेवत न्हाई, आणि खापर माझ्यावर. म्हणून सीझन संपेपर्यंत मी चिठ्ठ्या टाकत न्हाई. दाखवायला असाव्यात."

पिशवी पालथी केली. सहा लग्नांच्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात निघाल्या. प्रसिद्ध उद्योजक, बांधकाम व्यावसायिक, आणि खाली त्याचं नाव.

"ह्या दिल्या कुणी?"

"त्यानंच. मला तवाच खटकायला हवं हुतं. मानाचा माणूस स्वतःची चिठ्ठी स्वतः आणत न्हाई, त्याच्यासाठी दुसरा कुणीतरी धावत येतो. पण गर्दीत कोण बघतंय?"

गुरुवारी सकाळी तो खरेदीला म्हणून आला, तेव्हा आमची माणसं साध्या वेषात उभी होती. गुन्हा नोंदवला, त्याला ठाण्यात आणलं. मी साक्षीदार, म्हणून चौकशीच्या खोलीत गेले नाही. पण आमच्या ठाण्यात मधे नुसती प्लायवूडची भिंत. सगळं ऐकू येत होतं.

"इस्लामपूरच्या लग्नात तुम्ही कुणाकडचे?" साहेबांनी विचारलं.

"मुलीकडचा. जवळचे पाव्हणे आहेत आमचे."

"मुलीचं आजोळ कुठलं?"

"आटपाडी... असावं."

"आणि कोरेगावच्या मुलीचं?"

"ते... तिकडं मी मुलाकडून होतो."

मग चिठ्ठ्या टेबलावर मांडल्याचा आवाज आला. एकेक. तिसऱ्या चिठ्ठीला तो हसला. "साहेब, मी खोटं काय बोललो सांगा. नाव त्यांनी पुकारलं, शाल त्यांनी घातली. मी फक्त उभा राहिलो."

पलीकडं बसलेल्या मला ते वाक्य फार लागलं. मीही फक्त उभीच राहिले होते की.

दुपारपर्यंत त्यानं सगळं कबूल केलं. अशाच आणखी दोन गटांकडून त्यानं इसार घेतला होता, ते लोकही पुढं आले. भाभीच्या गटाची मोठी रक्कम वाचली होती. इसार कोर्टामार्फत परत मिळायला पुढं बरेच महिने गेले, पण मिळाला.

मला वाटलं होतं, बायका आता जमिनीचं नाव काढणार नाहीत. मी भाभीला तसं म्हणालेही.

"का वो? चोर वाईट हुता, जमीन न्हाई."

या वेळी त्यांनी कुणी मोठा माणूस शोधला नाही. भाभीकडं ब्लाउज शिवायला येणाऱ्यांत एका वकिलाची आई होती, गवंड्याची बायको होती, तलाठी कचेरीत काम करणारी एक मुलगी होती. भाभीच्या ओळखी आधीपासूनच होत्या, फक्त ती त्यांना गिऱ्हाईक समजत होती. वकिलाकडून जुने दस्त तपासून घेतले, पेपरात जाहीर नोटीस दिली, मोजणी करून घेतली. आणि सातही जणी जाऊन प्लॉटच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांच्या घरी बसून आल्या. चहा घेतला, चौकशी केली. एका शेजारणीनं तर वाटेच्या हक्कावरून चाललेली भानगड आधीच सांगून टाकली, म्हणून त्या तो प्लॉट सोडून पलीकडचा घेऊ शकल्या.

तोवर मी निवृत्त झाले होते. एके दिवशी भाभीचा फोन आला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवताना ओळख पटवणारे दोघं लागतात. येता का?

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ओळख हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. शेजारी उभं राहिलं की झाली ओळख, फोटो निघाला की झाली ओळख. पुढं कुणीतरी त्याच्यावर आपल्या कष्टाची पुंजी ठेवतं. त्या घटनेनंतर मी सत्काराला वर जाणं सोडलं असं नाही, पण गेले की शेजारच्याला विचारते, तुम्ही कुणाकडचे? लोक हसतात. हसू देत. आणि कुणी माझ्याबद्दल शंका घेऊन माझ्याचकडं आलं तर मी त्याचे आभार मानते, कारण बाहेरच्या बाहेर शंका धरून बसणारेच जास्त असतात.

दस्त नोंदवायला गेलो त्या दिवशी कार्यालयात गर्दी होती. सातही जणी नटून आलेल्या, एकीनं डब्यात शिरखुर्मा आणलेला. आमचा नंबर आला. खिडकीतल्या क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "बाई, तुम्ही यांना स्वतः ओळखता ना?"

मी सातही जणींची नावं वडिलांच्या, नवऱ्याच्या नावासकट सांगितली, कुणाचं घर कुठल्या बोळात तेही सांगू लागले. भाभीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, बास. सही करा आता."

मी सही केली.