दाय शिजनी नही

माझ्या साडूनं जेवढी गावं नापास केली तेवढी पोरं आमच्या असोद्याच्या मास्तरांनीसुद्धा केली नसतील, आणि ते मास्तर साधे नव्हते. मला चौथीत दोनदा बसवलं होतं त्यांनी. साडूनं नापास केलेलं शेवटचं गाव म्हणजे चाळीसगाव. तो रविवार मला चांगला आठवतो, कारण आम्ही तिघं एकत्र बसलो असा तो शेवटचाच. मी, माझी बायको आणि हा साडू, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मागच्या अंगणात स्टोव्ह फरफरत होता, त्याच्यावर छोटी पातेली, पातेलीत मूठभर तूरडाळ आणि चाळीसगावहून आणलेलं पाणी. साडूचे गुडघे वाकत नाहीत म्हणून तो पालथ्या बादलीवर बसलेला. दीड तासानं बायकोनं पळीत चार दाणे घेतले, एक दाणा बोटात दाबला आणि आपल्या धुळ्याकडच्या बोलीत निकाल दिला, "दाय शिजनी नही, जिजाजी. पानी जड शे." साडूनं तोच दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि कोणी वारल्यासारखा म्हणाला, "गेलं चाळीसगाव. चहा टाका." ती कच्ची डाळ बायकोनं गल्लीतल्या गायीपुढं ओतली. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मिरच्या वाळत घालताना ती खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हटलं, असेल.

पण मला साडूबद्दल सांगायचंय. हा माणूस सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता आणि जन्मभर बदल्यांवर हिंडला. सरकार म्हणेल त्या गावी ट्रंक न्यायची, तिथलं पाणी प्यायचं, तिथल्या घरमालकाची बोलणी खायची. रिटायर झाला त्या दिवशी हार गळ्यात असतानाच मला म्हणाला, "साडूभाऊ, आजवर सरकारनं माझी बदली केली. आता मी गावांना पारखणार. जे गाव पेन्शनीत बसेल आणि जिथं दिवस मजेत जाईल, तिथंच मरणार." तोवर सोय म्हणून जळगावात आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एक खोली भाड्यानं घेतली. दोन महिन्यांसाठी. त्या दोन महिन्यांना नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत पठ्ठ्यानं भिंतीला एक खिळा मारू दिला नाही. का, तर आपण तात्पुरते. शर्ट खिडकीच्या गजाला, छत्री दाराच्या कडीला, आणि कॅलेंडर गादीखाली. तारीख बघायची झाली की बिचाऱ्या अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, झोपलेल्या नवऱ्याला उठवावं लागायचं.

आणि जळगावला शिव्या तर रोजच्या. "हे काय गाव आहे? मे महिन्यात इथं कावळासुद्धा रुमाल बांधून फिरतो." मी म्हणायचो, मग जा की. म्हणायचा, "घाईनं गाव घेतलं तर पुन्हा बदली मागायची कोणाकडं?"

गाव बघायची त्याची रीत त्याचीच. पहिल्या गाडीनं जायचं आणि आधी न्हाव्याकडं. "न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की गाव उघडं पडतं," हे त्याचं म्हणणं. कोणाचं कोणाशी वाकडं आहे, नळ किती दिवसांनी येतो, डॉक्टर सुई कशी टोचतो, सगळं तिथं कळतं. एकदा भुसावळला सकाळी एका न्हाव्याकडं आणि दुपारी दुसऱ्याकडं दाढी केली, बातम्या ताडून बघायला म्हणून. दुसऱ्यानं विचारलं, "काका, करू काय? इथं तर काहीच नाही." हा म्हणाला, "हात फिरव आणि बोलत राहा." भुसावळ मात्र त्यानं पाण्याआधीच काट मारून टाकलं. तिथली माणसं गाडीच्या टायमानं जेवतात आणि गाडी लेट झाली की उपाशी राहतात, असं त्याचं मत पडलं. नशिराबादला ट्रकच्या भोंग्यांनी त्याची दुपारची झोप मोडली, म्हणून ते गेलं. नाशिक महाग. नदीकाठची हवा घरमालक भाड्यात धरतो म्हणे.

दुसरी रीत अशी की पोस्टाच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "भाऊ, पोस्ट कुठं आलं?" ज्या गावातला माणूस हसून निघून जाईल ते गाव वाईट, जो चिडेल ते त्याहून वाईट. धुळ्यात एका म्हाताऱ्यानं ह्याला काही न बोलता हाताला धरलं, आत नेलं आणि मनिऑर्डरच्या खिडकीपुढं उभं केलं. वरून विचारलं, "घरी कोणी नाही का तुमच्याबरोबर यायला?" साडू इतका खूश झाला की खोटं पडू नये म्हणून त्यानं तिथून मला मनिऑर्डर केली. फॉर्मच्या खालच्या कागदावर लिहिलं होतं, "गाव उत्तम. पाणी घेऊन येत आहे."

हे पाणी म्हणजे शेवटची परीक्षा. गोडेतेलाचा एक पाच लिटरचा कॅन त्यानं घासून ठेवला होता. गाव पसंत पडलं की तिथल्या नळाचं पाणी त्यात भरायचं आणि एस.टी.नं जळगावला आणायचं. एकदा कंडक्टरनं अडवलं, "काका, रॉकेल चालणार नाही." ह्यानं बूच काढून त्या कंडक्टरलाच पाणी पाजलं. कंडक्टर म्हणाला, गोड आहे. घरी आल्यावर माझ्या बायकोनं तेच पाणी जड ठरवलं, तर हा दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन त्या कंडक्टरला शोधून सांगून आला, "तुमची जीभ बिघडली आहे. दाखवून घ्या."

ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पोटाला बाधतं, हे आमच्याकडं कोणीही सांगेल. पण त्याची परीक्षक माझी बायको का? तर अक्कांचा हात घाईचा आणि त्यांच्या घरात कुकर. माझ्या बायकोला कुकर चालत नसे. ती म्हणायची, कुकरमध्ये दगडसुद्धा शिजीन. म्हणून कॅन आमच्या घरी. आणि माझी बायको अशी कडक की तिनं एकही गाव पास केलं नाही. स्वतःचं माहेरसुद्धा सोडलं नाही! ह्या दोघी बहिणी धुळ्याजवळच्या खेड्यातल्या. त्याच पाण्यावर वाढल्या. तरी धुळ्याची डाळ बोटात दाबून ही शांतपणे म्हणाली, "आते पहिलासारखं पानी ऱ्हायनं नही." मी अडाणी माणूस. जिनिंगमध्ये फिटर होतो, मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगेन, पण डाळीतलं मला काय कळणार? मी तिच्या 'शे'ला तेवढं हसायचो. आमच्या असोद्याकडं कोणी असं बोलत नाही. ती म्हणायची, "हसा. पन दाय नही शिजनी ते नही शिजनी."

खरं सांगतो, मी माझ्या बायकोला कुठंच नेलं नाही. रजा मिळाली की झोपलो. पण ती डाळ शिजायला दीड तास लागायचा, आणि तो दीड तास साडू पालथ्या बादलीवर बसून त्या गावाचं, आणि पाण्याआधीच काट मारलेल्या गावांचंही, वर्णन करायचा. देवळाच्या पायऱ्या किती उंच, वांगी कशी, सावलीत बाकडी किती, कुठल्या बोळात कोणती बाई कोणाशी भांडत होती, सगळं नकलेसकट. ही पदर तोंडाशी धरून हसायची. पुढं पुढं तर एखाद्या गावाला जाऊन आल्यासारखी शेजारणींना सांगायची, "भुसावयना लोके टाइमवर जेवतस." मी जे करायला पाहिजे होतं ते साडूनं केलं. गावं कॅनमध्ये भरून तिच्या चुलीपाशी आणली. त्याचे उपकार मी त्याला कधी बोलून दाखवले नाहीत, आणि आता ह्या वयात बोललो तर तो मला डॉक्टरकडं नेईल.

ती गेल्यावर तेरा दिवस हा माणूस रोज सकाळी येऊन माझा चहा करायचा. इतका वाईट चहा मी जन्मात प्यालो नाही. साखर दोनदा टाकायचा, पत्ती विसरायचा. मी मुकाट्यानं प्यायचो. तेवढं गोड पाणी पोटात गेलं म्हणून मी उभा राहिलो, असं आज वाटतं.

महिना झाला आणि धुळ्याला दिलेल्या साडूच्या मुलीचं पत्र आलं. तिच्या घराजवळ तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली होती, भाडं पेन्शनीत बसणारं, दारात कडुलिंब. अक्का माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "पोरीच्या उंबऱ्याशी राहायचं मला कधी आवडलं नाही, भाऊ," म्हणाल्या. मग रस्त्याकडं बघत राहिल्या आणि बहिणीच्या बोलीत म्हणाल्या, "पन आते आठे मन्हं कोन शे?" इथं आता माझं कोण आहे. मी समोरच बसलो होतो. मी सुपारी कातरत राहिलो.

साडू धुळ्याला जाऊन खोली बघून आला. दुपारी माझ्या दारात उभा, हातात भरलेला कॅन. मी म्हटलं, "आता कसली परीक्षा? करणारी गेली."

"नियम तो नियम," तो म्हणाला. "तुम्ही टाका डाळ."

मी स्टोव्ह पेटवला. तीच पातेली, मूठभर डाळ, धुळ्याचं पाणी. तो बादलीवर बसला, पण आज वर्णन काही नाही. पाऊण तास झाला नसेल, डाळ विरघळून वरण झाली! मी पळी घेऊन बघतच राहिलो. डोकंच फिरलं माझं.

"साडूभाऊ, ही तर लोणी झाली. हेच धुळं तिनं नापास केलं होतं ना?"

"केलं होतं."

"मग तेव्हा का नाही शिजली?"

"ती चिंच टाकायची," साडू म्हणाला. "चिंच असली की डाळ शिजत नाही. पहिल्याच गावाला मला आंबट लागलं होतं."

"आणि तुम्ही नऊ वर्षं कॅन वाहत बसलात?"

"तिला आम्ही जायला नको होतो, साडूभाऊ. आजवर सगळ्या गावांनी मला निरोप दिला, हार घातले. अडवलं कोणी नव्हतं." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "असो. आता शिजली. पहिल्या तारखेला निघावं लागेल." दारापाशी थांबला. "परीक्षा एकदाच घ्यावी असं काही नाही म्हणा," एवढं बोलला आणि गेला. बांधाबांध त्याला फार नव्हतीच. ज्याच्या भिंतीला खिळा नाही त्याला गाव सोडायला असा कितीसा वेळ लागतो?

तो गेल्यावर बघतो तर कॅन माझ्याच अंगणात. अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक. जो माणूस तो कॅन एस.टी.त मांडीवरून खाली ठेवत नसे, तो कॅन विसरून गेला. मी संध्याकाळभर त्या कॅनकडं बघत होतो. माझं डोकं हळू चालतं, पण चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. तोंड धुतलं, स्टोव्ह पेटवला. पातेलीत मूठभर डाळ टाकली, कॅनमधलं पाणी ओतलं. बायकोची चिंचेची बरणी कुठं असते ते मला माहीत नव्हतं. फळीवरच्या तीन बरण्या उघडल्यावर सापडली. तिनं मीठ लावून ठेवलेले गोळे तसेच होते. त्यातला एक उचलून पातेलीत टाकला. दीड तास बादलीवर बसून राहिलो. मग डाळ वाटीत काढली आणि चार घरं सोडून गेलो. अक्का तांदूळ निवडत होत्या. साडू खाटेवर बसून त्या गादीखालचं कॅलेंडर बघत होता. मी वाटी अक्कांपुढं ठेवली, आणि चाळीस वर्षं ज्या बोलीला हसलो त्या बोलीत म्हणालो,

"दाय शिजनी नही, अक्का. पानी जड शे."

साडूनं कॅलेंडर उलटं करून मांडीवर ठेवलं. अक्कांनी एक दाणा उचलला, बोटात दाबला, मग जिभेवर ठेवला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि हसल्या, अगदी हिच्यासारख्या.

"चिंच जास्त झायी, भाऊ," म्हणाल्या. "ती नखएवढीच टाके."

आणि मला दाखवायला करंगळीचं नख पुढं केलं. मी नीट बघून घेतलं.