नसलेल्या कार्डाची दुरुस्ती

त्या दुपारी आम्ही दोघांनी मेथी निवडली. एवढंच. ती कॉम्प्युटरसमोर, मी शेजारी स्टुलावर, मध्ये वर्तमानपत्र पसरलेलं. शैला, माझी बायको, जाऊन दीड महिना झाला आणि मला राहून राहून ती मेथीच आठवते...

शैला शिकलेली, मी आठवी. खडकीला लेथवर जन्म गेला माझा. जे हाताला लागत नाही ते काम, हे मला कधी पटलंच नाही. तिचं काम म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता मानलेला कॉम्प्युटर चालवायचा. त्याचं नेटवर्कचं कार्डही मानलेलंच, ना पत्रा ना स्क्रू. ते बिघडलं होतं. तो मानलेला कॉम्प्युटर झोपवून परत उठवला, की कार्ड म्हणायचं 'मी चालू आहे', पण त्यातून बाहेर काही जायचं नाही. आदल्या दिवशी मी आपला वारज्याहून दोन बस बदलून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो आणि नवी वायर घेऊन आलो. ती हसून बेजार. "अहो, नसलेल्या कार्डाला वायर कुठे खुपसू? न बघता दुरुस्ती करणारे पुण्यात तुम्ही एकटेच." तिची रीत वेगळी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निरोप कुठवर पोचला ते बघायचं, वहीत लिहायचं, मग पुढे. कार्ड 'बरं आहे' म्हणतंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

मेथी निम्मी झाली तेव्हा ती म्हणाली, "सापडलं!" झोपेतून उठल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम त्या कार्डाला कामाला लाग म्हणून सांगायलाच विसरत होती. निरोप रांगेत नुसते पडून. तिने चार ओळी बदलल्या, झोपवलं, उठवलं... आणि निरोप धावायला लागले. मेथीच्या ओल्या हाताने माझ्या पाठीत थाप मारली तिने.

थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, छातीत जड वाटतंय. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

मी मानसुद्धा वर केली नाही. "गॅस झालाय. खुर्चीत बसून माणूस दमतो होय?" ओवा दिला, कोमट पाणी दिलं. बरं वाटतंय का विचारलं. हो म्हणाली. मी उरलेली मेथी निवडत बसलो.

दिवेलागणीला ती त्याच खुर्चीत गेली. दुपारीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मी एकट्यानेच ऐकलं. बिल्डिंगमधले म्हणतात, भाग्याची, त्रास न होता गेली. मी ऐकून घेतो. पण हे ज्यात छापून येईल तो पेपर आमची मुलगी मेधा नागपूरला वाचते, आणि तोंडाने मला सांगता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

शैला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेधा आली. चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, आईला आधी काही त्रास होत होता का? काही बोलली होती का तुम्हाला?"

मी तिच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणालो, "नाही गं. काहीच नाही."