शुक्रवारच्या सहा पाई

फर्न क्रायडरच्या दुकानाला पाटी नाही असं लोक सांगतात, पण ते खोटं आहे. पाटी आहे. तिच्या नवऱ्याने, मर्विनने, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती स्वतः रंगवली होती आणि आता तिच्यावरचं एक अक्षर धड लागत नाही. मर्विन जाऊन नऊ वर्षं झाली. पाटी नवी करून घे, असं कोणी सुचवलं की फर्न म्हणते, "ज्याला पाई खायची असते त्याला रस्ता सापडतो." आणि सापडतोही. ऑक्टोबरात डोंगरावरची पानं लाल झाली की फिलाडेल्फियाकडची माणसं तीन-तीन तास गाडी हाकत येतात, काकवीच्या पाईचा एक तुकडा मागवतात, त्याचे वीस फोटो काढतात आणि "किती शांत आहे हो तुमचं गाव" म्हणून निघून जातात. शांत कसलं? इथे कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त तोंडातून कोणी काढत नाही. त्याला शांतता म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

अडुसष्ट वर्षांची ही बाई पहाटे पाचला पीठ मळायला घेते. मैदा, डुकराची चरबी आणि बर्फाचं पाणी. मोजमाप काही नाही. पारी कागदासारखी लाटते आणि थाळीवर अशी टाकते की बघणाऱ्याला वाटावं हे आपल्यालाही जमेल. जमत मात्र कोणाला नाही. तिची नणंद डोरिस चाळीस वर्षं शेजारी उभी राहून बघते आहे, तरी तिची पारी अजून फाटतेच. म्हणून डोरिस गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारते.

काचेच्या कपाटात सफरचंदाची पाई असते, भोपळ्याची असते, काकवीची असते. मनुकांची कधीच नसते. मनुकांची पाई ह्या खोऱ्यात फक्त मयताला करतात. बर्फ पडो की ऊन तापो, घरात मनुका असतातच, आणि मरण काही फळांचा हंगाम बघून येत नाही, म्हणून ही चाल पडली. एकदा एका पाहुणीने हौसेने मनुकांची मागितली, तेव्हा डोरिस म्हणाली, "मिळेल की. पण त्यासाठी आधी कोणीतरी मरावं लागेल, बाई. तुमच्या बघण्यात आहे का कोणी?"

ह्या पाईचे दोन नियम आहेत. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याने ती सांगायची नाही, शेजाऱ्याने सांगायची. आणि सांगायला आलेल्याला 'कोण गेलं' असं विचारायचं नाही. चारशे वस्तीच्या गावात कोण गेलं हे तुम्हाला माहीत नसावं, हा गेलेल्याचा अपमान. तेव्हा मान डोलवायची, "वाईट झालं" म्हणायचं, किती आणि कधी ते लिहून घ्यायचं, आणि बाकीचं मागाहून इकडून तिकडून काढायचं. फर्नने जन्मभर असंच केलं होतं.

एका ऑक्टोबरात, मंगळवारी सकाळी इरा बॉमगार्डनर आला. हा तिच्याच वर्गातला, दुधाचा धंदा करणारा. त्याआधी दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको नेऑमी गेली होती आणि त्या वर्षीच्या वसंतात त्याने गाई विकल्या होत्या. हातात थाळ्यांची चळत होती. फर्नची पाई पत्र्याच्या थाळीतून जाते आणि थाळी परत करायची असते, पण एक थाळी प्रत्येकजण घरी ठेवून घेतो. म्हणजे पुन्हा यायला निमित्त राहतं. इराने अकरा थाळ्या ठेवल्या, घासून पुसून लख्ख.

"सगळ्या आणल्यास की काय?" फर्न म्हणाली. "सूर्य कुठून उगवला आज?"

"पडून होत्या," इरा म्हणाला. "मनुकांच्या सहा दे. शुक्रवारसाठी."

"वाईट झालं," फर्न म्हणाली आणि लिहून घेतलं.

तो जरा घुटमळला. ओव्हनकडे बघत म्हणाला, "छान वास येतोय गं." मग टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. पन्नास वर्षांत ह्या माणसाने तिच्या कशालाच छान म्हटलं नव्हतं. फर्नच्या मनाला काहीतरी टोचलं, पण तेवढ्यात फिलाडेल्फियावाल्यांची गाडी लागली आणि ते टोचणं पिठात बुडालं.

दुपारी हात रिकामे झाल्यावर तिने डोरिसला विचारलं, "इराच्या शेजारात कोण गं…?"

"मला काय माहीत? तुझ्याकडे आला होता तो," डोरिस म्हणाली. "साउडर असेल. एक्क्याण्णव वर्षांचा आहे, आता जायचंच वय."

पोस्टात टपालबाईने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "हो ना, साउडर बिचारा!" तिला हे डोरिसनेच फोन करून सांगितलं होतं. चर्चच्या पास्टरची बायको लिओना गोंधळली. "शुक्रवारी मयत? पास्टर तर ओहायोला गेलेत, रविवारी येतील. मला कसं कोणी सांगितलं नाही?" आता लिओनाला न सांगता ह्या गावात कोणाचं दुखणंसुद्धा होत नाही, मयत तर लांबच राहिलं. फर्न घरी आली. कपाटातली मनुकांची पिशवी तिने काढली, ओट्यावर ठेवली आणि तशीच परत आत सारली.

बुधवारी तिने कोंबडीचं सूप रांधलं, काळा कोट चढवला आणि साउडरच्या टेकडीवर गाडी घातली. दार वाजवलं. दार उघडलं ते साउडरनेच.

फर्न पातेलं धरून एक पायरी मागे सरली.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" म्हातारा म्हणाला. मग त्याने काळा कोट बघितला, सूप बघितलं, आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं. "माझ्यासाठी आणलंस? आण, आण. मेलो नसलो म्हणून काय झालं, भूक आहेच." आणि तो खोकत खोकत हसायला लागला.

फर्नला हसू आलं नाही. म्हाताऱ्याच्या पायांमागून एक कुत्रा बाहेर आला होता. पांढऱ्या कानाचा. इराचा कुत्रा.

"हा इथे कसा?"

"इरानेच आणून सोडला परवा. म्हणाला, सांभाळ. कुठे जातोयस विचारलं तर काही बोलला नाही. मुलीकडे जात असेल, नाही का?"

इराला मुलगी नव्हती. मूलच नव्हतं. साउडरला हल्ली असलं काही आठवत नसे. फर्नच्या डोळ्यांपुढे त्या अकरा थाळ्या आल्या. एकही मागे न ठेवलेल्या. शेजाऱ्याने सांगायची पाई, आणि ज्याच्यासाठी आता सांगायला कोणी उरलं नाही त्याने ती स्वतःच येऊन सांगितली होती. पातेलं तिथेच पायरीवर ठेवून ती गाडीकडे धावली. ह्या वयात धावणं कसलं, फरफटणंच ते.

इराचं घर रस्त्यापलीकडे होतं, उताराच्या पायथ्याशी. स्वयंपाकघराचं दार उघडं. टेबलावर तीन पाकिटं एका ओळीत मांडलेली, पहिल्यावर पास्टरचं नाव. भांडी घासून पालथी घातलेली. घरात घड्याळाचा आवाज तेवढा होता. फर्नने दोनदा हाक मारली. ओ आली नाही. आपण मंगळवारी ओट्यापाशी तोंड उघडलं असतं तर, एवढं एकच तिच्या डोक्यात घण घालत होतं. एक शब्द. चालीरीतीची लाज धरून तिने तो गिळला होता.

ती गोठ्यात शिरली. इरा तिथे होता. नेऑमीच्या मयताला घातलेला सूट अंगावर, हातात खराटा. सहा महिने ज्यात एक गाय नव्हती तो गोठा तो एका टोकापासून झाडत होता.

फर्नने दाराच्या चौकटीला धरलं. धाप लागली होती. "इरा," ती म्हणाली, "कोण गेलं?"

त्याने मान वर केली. "असं विचारत नाहीत."

"मी विचारतेय. कोण गेलं?"

त्याने खराट्याचे दोन फराटे मारले. मग म्हणाला, "कोणी नाही अजून."

"मग सहा पाई कोणाला?"

"तुझी धावपळ होऊ नये म्हणून सांगून ठेवलं," इरा म्हणाला, अगदी दुधाचा रतीब सांगावा तसं. "मर्विन गेला तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या पाई तुलाच लाटाव्या लागल्या. दुसरं कोण करणार होतं? काळ्या झग्यावर पीठ सांडलेलं, तशीच आलीस तू चर्चमध्ये. मी बघितलं होतं. माझ्यासाठी तरी तुला घाई नको, म्हटलं."

फर्नला रडू फुटलं आणि रडता रडताच ती संतापली. "सहा? तुझ्या मयताला सहा पुरतील असं वाटलं तुला, गाढवा? अख्खं खोरं लोटेल! पंधरा लागतील!"

"कोण येतंय माझ्याकडे?"

"ते मला नको सांगूस. आणि मी करणार नाही. सहा नाही, एक नाही. मनुकांच्या पाईशिवाय ह्या खोऱ्यात आजवर कोणाला पुरलेलं नाही, तेव्हा तुला थांबावं लागेल."

इराच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू येतंय असं वाटलं, पण आलं नाही. त्याचा सगळा चेहराच खाली ओघळला आणि तो गव्हाणीच्या कठड्यावर बसला.

"मी सगळं शुक्रवारपर्यंत लावून ठेवलं होतं," तो म्हणाला. "आता शुक्रवारी काय करू गं मी?"

फर्नने त्याच्या हातातला खराटा घेऊन भिंतीला लावला. "ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "आत्ता गाडीत बस."

तो बसला. डोरिसच्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी इराच्या घरातल्या बंदुका उचलून आपल्याकडे नेल्या, लिओनाने जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन लावला, आणि शुक्रवारी त्या गावात कोणी गेलं नाही. फिलाडेल्फियावाले आले, फोटो काढले, गाव किती शांत आहे ते सांगून गेले. त्यांच्या मागे कोपऱ्यातल्या टेबलाशी एक म्हातारा सूट घालून सफरचंदं सोलत बसला होता. सालं फार जाड निघत होती. फर्नने ती गोळा करून बादलीत टाकली. दुकान बंद होताना तिने नुसतं विचारलं, "पुढच्या शुक्रवारी येशील ना?"

"बघू," इरा म्हणाला.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. दर शुक्रवारी ती विचारते, आणि दर शुक्रवारी तो बघू म्हणतो.