करीमभाईंचं पुस्तक मशीन वाचेपर्यंत

चार माणसं सहा वर्षं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ बसते तसे ते बसत जातात, आणि मशीन बंद पडून झाकण उघडलं की मगच दिसतात. आमचं मशीन बंद पडून बरेच दिवस झाले. आज झाकण उघडते.

मेहकरला बसस्टँडमागे माझा टायपिंगचा क्लास होता. शाळा सातवीत सुटली. टायपिंग मला कुणी शिकवलं नाही. भंगारातून घेतलेल्या मशीनवर माझी मी शिकले आणि मग तालुक्यातल्या अर्ध्या कारकुनांना शिकवलं. कॉम्प्युटर आले तेव्हा लोक म्हणाले, बाईंचा क्लास आता बसला. मी टाइपरायटर विकले, कॉम्प्युटर घेतला, एकेक बटन दाबून पाहिलं आणि काय होतं ते वहीत उतरवलं. त्या वहीतूनच आमचं मंडळ निघालं.

पत्रं-अर्ज लिहिण्याचं, छापण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. कुणाच्या मालकीचं नाही, फुकट मिळणारं. ते कसं वापरायचं याची माहिती जगभरातले हौशी लोक बिनपगारी लिहायचे, पण इंग्रजीत. ती आपण मराठीत लिहायची आणि कुणालाही वाचता येईल अशा फाइली करून सीडीवर वाटायची, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी. निवृत्त गणित मास्तर वानखडे सर. शेजारी सायबर कॅफे चालवणारा प्रमोद. आणि डोणगावला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले करीमभाई. सगळ्यात जास्त प्रकरणं करीमभाईंनी लिहिली. दिवसभर गिऱ्हाइकांना "हे बटन फिरवा, त्याले हात लावू नका" सांगून त्यांची जीभ तयार झाली होती. तीच जीभ कागदावर उतरायची.

पहिल्याच महिन्यात त्या सॉफ्टवेअरच्या परदेशातल्या मंडळींचा ईमेल आला, तुमच्या मराठी टीमचा प्रमुख कोण? तिघंही माझ्याकडे बघायला लागले. वानखडे सर म्हणाले, "वयानं तर बाईच."

मी उत्तर टाइप केलं, प्रमुख मी. आणि सरांना सांगितलं, वय काढलंत, आता रविवारचा चहा तुमच्याकडे. सहा वर्षं तो त्यांच्याचकडे राहिला.

* * *

पुस्तक निम्मं झाल्यावर प्रमोदने पहिली सीडी संग्रामपूरच्या एका वाचनालयाला पाठवली. महिनाभराने तिथल्या ग्रंथपालांचा फोन आला. पुस्तक मिळालं, फार आभार, आता एकदा येऊन जा आणि वाचायचं कसं तेवढं सांगा.

वाचायचं कसं म्हणजे काय? मी खामगावला गाडी बदलून संग्रामपूरला गेले. ग्रंथपालांनी मोठ्या अदबीने पुस्तक पुढ्यात ठेवलं. सगळी फाइल छापून काढलेली, वर जाड पुठ्ठा, पाठीवर कापडाची पट्टी, आत वाचनालयाचा शिक्का. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इंग्रजी अक्षरं, टिंबं, चौकोन आणि उलटसुलट स्वल्पविराम. मराठीचं एक अक्षर नाही.

झालं होतं असं की आम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत होतो. तो फॉन्ट ज्या मशीनमध्ये नसेल, तिथे आमची मराठी अशी दिसायची. आम्हाला हे कळायला वावच नव्हता, कारण आमच्या चारही मशीनमध्ये तो फॉन्ट मीच टाकून ठेवला होता.

मी ग्रंथपालांना विचारलं, "अहो, हे असं दिसत असताना तुम्ही बांधलं काऊन?"

ते म्हणाले, "मले वाटलं, कॉम्प्युटरचं पुस्तक असंच असत असन."

महिन्याभरात ते पुस्तक तीन जणांनी घरी नेलं होतं. तिघांनीही मुदतीत परत केलं होतं. तक्रार एकाचीही नाही.

* * *

त्याच सुमारास करीमभाईंच्या प्रकरणांतली अक्षरं मोठी व्हायला लागली. आधी एका पानात तीस ओळी असायच्या, मग अठरा, मग दहा. दर रविवारी मी ती बारीक करायची आणि पुढच्या रविवारी ते आणखी मोठी करून आणायचे. एकदा माझा संताप झाला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "करीमभाई, हे पुस्तक आहे का दुकानाची पाटी?"

त्यांनी चहा संपवला आणि डोणगावची गाडी पकडली.

ते गेल्यावर वानखडे सरांनी सांगितलं. काचबिंदू. उशिरा कळला. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली फार तर दीड वर्ष टिकेल असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. करीमभाईंनी ते सरांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, कारण डोळे अधू झालेल्या माणसाला लिहायचं काम कोण देईल, अशी त्यांना धास्ती.

पुढच्या रविवारी ते स्वतःच बोलले. रेडिओचं काम आता होत नाही, तारेचं टोक दिसत नाही. पण कॉम्प्युटरवरचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलंय, मराठीसुद्धा वाचतं, असं त्यांनी ऐकलं होतं. आपलं पुस्तक त्या मशीनला वाचता आलं, तर नजर असेपर्यंत ते कानाने शिकून घेणार होते. डोणगावात लोकांचे अर्ज, पत्रं टाइप करायला बसणार होते. दुकानाची पाटी तेवढी बदलायची.

"पण नजर असेपर्यंत पायजे बाई," ते म्हणाले. "चुकलं तर कुठं चुकलं ते एकदा तरी डोयानं पाहून घ्यावं लागते."

मी सहसा माफी मागत नाही. त्या दिवशीही मागितली नाही. पाटीचं बोलणं मात्र अजून आठवतं.

* * *

फॉन्टच्या भानगडीवर वानखडे सरांनी तोड काढली. सरांचं गणित सरळ होतं. अक्षर मशीनगणिक बदलतं, चित्र बदलत नाही. म्हणून त्यांनी सगळं पुस्तक आमच्या मशीनवर छापलं, लाल शाईने चुका दुरुस्त केल्या, पुन्हा छापलं, प्रत्येक पानाला पट्टीने समास आखला, आणि बुलढाण्याला जाऊन पानन्‌पान स्कॅन करून त्याची एक पीडीएफ केली. दोन महिने राबले. आता संग्रामपूर काय आणि लंडन काय, जसंच्या तसं दिसणार. दिसतही होतं. एवढी देखणी फाइल आमच्या हातून दुसरी झाली नाही.

प्रमोदने ते वाचणारं सॉफ्टवेअर कुठूनतरी मिळवलं. करीमभाईंना खुर्चीत बसवलं, फाइल उघडली. आतली बाई सपाट आवाजात बोलायला लागली.

"पान एक. रिकामे. पान दोन. रिकामे. पान तीन. रिकामे."

आम्हाला दिसणारी सगळी पानं तिच्या लेखी नुसते फोटो होते. फोटोत अक्षरं असतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. प्रमोद बंद करायला पुढे झाला तर करीमभाईंनी त्याचा हात धरला. एकशे बारा पानं होती. एकशे बारा वेळा त्यांनी "रिकामे" ऐकून घेतलं. तोवर वानखडे सर उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले होते.

करीमभाई चाचपडत बाहेर गेले, सरांच्या शेजारी टेकले.

"सर," म्हणाले, "चूक मात्र एकबी नाही निघाली."

* * *

आता हा जो किस्सा आहे, तो मंडळातलं कुणी सांगत नाही. माझ्यासमोर तर नाहीच. म्हणून मीच सांगते.

सगळं पुस्तक नव्या पद्धतीच्या अक्षरांत न्यायचं ठरलं, जी कुठल्याही मशीनला दिसतात आणि वाचताही येतात. प्रमोद म्हणाला, जुन्याचं नवं करणारा एक छोटा प्रोग्राम लिहितो. मी त्याला उडवून लावलं. मशीनच्या मराठीवर माझा भरवसा नाही, सगळं पुस्तक पुन्हा मी टाइप करणार. या तालुक्यात माझ्याएवढा हात कुणाचा चालत नाही, हेही ऐकवलं. ते खरंही होतं.

पण दिवसाचे आठ-आठ तास लाइट नसायची. मधे मनगट सुजलं, तीन आठवडे पट्टीत गेले. तरी मी कुणाला एक ओळ टाइप करू दिली नाही. सात महिने लागले. शेवटचं पान संपलं त्या रविवारी मी पेढे आणले.

प्रमोदने पेढा घेतला नाही. त्याने त्याच्या मशीनवर एक फाइल उघडली. तेच पुस्तक, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नव्या अक्षरांत. मी टायपिंगला बसले त्याच आठवड्यात त्याने तो प्रोग्राम गुपचूप लिहिला होता. पाच मिनिटांत काम झालं होतं. आता माझी फाइल आणि ती फाइल त्याने ताडून पाहिली.

"मशीनच्या चुका अकरा," तो म्हणाला. "तुमच्या एकोणचाळीस."

"मग सात महिने सांगितलं काऊन नाही बे?"

तो खाली बघून म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का, बाई?"

करीमभाई त्या दिवशी आले नव्हते. आदल्या महिन्यात त्यांचा उजवा डोळा पूर्ण गेला होता. डाव्यात उजेड-अंधार कळायचा, तेवढाच.

पेढ्यांचा पुडा कुणी नेला ते मला माहीत नाही.

* * *

शेवटी प्रमोदचीच फाइल घेऊन मी एकटी डोणगावला गेले. दुकान बंद होतं, करीमभाई घरी होते. भाभींनी कॉम्प्युटरवरची चादर काढली, खुर्ची सरकवली आणि दाराशी उभ्या राहिल्या. करीमभाईंनी दाढी करून इस्त्रीचा सदरा घातला होता, निकाहाला निघाल्यासारखा. बोटं ठेवायच्या जागा त्यांनी आधीच पाठ केल्या होत्या. त्यांना मी काही सांगायची गरज पडली नाही.

फाइल उघडली. आतली बाई बोलायला लागली आणि या वेळी ती खरोखर वाचत होती. शब्दन्‌शब्द. भाभींनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना. करीमभाईंनी पत्र छापण्याचं प्रकरण लावलं. ते त्यांनी स्वतः लिहिलेलं, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं, मी त्यात एक शब्द बदलला नव्हता. दोन्ही हात बटनांवर ठेवून, मान किंचित तिरपी करून ते ऐकायला लागले.

"आता पडद्याकडे बघा," बाईने वाचलं. "वरच्या बाजूला निळे बटन दिसेल. ते दाबा. मग खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे करा."

करीमभाईंचे हात तसेच राहिले. त्यांनी मागे जाऊन तेच पुन्हा लावलं. निळे बटन दिसेल. तिसऱ्यांदा लावलं. पुढचं प्रकरण लावलं. तिथे हिरवी खूण दिसत होती. त्याच्या पुढच्यात लाल रेघ. सहा वर्षं आम्ही चौघांनी मिळून लिहिलेलं एकशे बारा पानांचं पुस्तक, आणि प्रत्येक पानावर काहीतरी दिसत होतं.

त्यांनी आवाज बंद केला. भाभी आत चहा ठेवायला गेल्या. मी पडद्याकडे बघत बसले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग पुन्हा बटनांवर हात ठेवत ते म्हणाले, "निया रंग मले याद आहे, बाई. बटन कुठं आहे, ते सांगा."