आमच्या भाऊजींची प्रोफाइल

माझ्या धाकट्या दिरासमोर "हा रंग छान आहे हं" असं म्हणायची सोय नाही. लगेच विचारणार, "कुठला? आत्ता दिसतोय तो, की दुपारी खिडकीपाशी दिसेल तो?" मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. मी हौसेनं नवे पडदे लावले, तर हे महाशय दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, हे दोन पडदे एका ताग्यातले नाहीत." नव्हतेच. पण मला दोन दिवस इतका राग आला होता! नव्या नवरीनं बोलायचं कसं, म्हणून गप्प बसले. आता बोलते, सगळी भरपाई करते.

असा माणूस रंगाच्या कारखान्यात लागला आणि सोन्याहून पिवळं झालं. काम होतं शेड जुळवायचं. गिऱ्हाईक एखादा तुकडा घेऊन येतं, कापडाचा, फरशीचा, नाहीतर जुन्या दाराचा टवका, आणि म्हणतं, अगदी असाच रंग पाहिजे. भाऊजी तो बनवायचे, कार्डावर ओढून वाळवायचे, खिडकीत धरून बघायचे, दिव्याखाली बघायचे आणि मग बॅच पास करायचे. नाहीतर थांबवायचे. थांबवायचेच जास्त.

त्यावरून त्यांचं आणि प्रॉडक्शनच्या साहेबांचं हाडवैर. त्या साहेबांना सगळा कारखाना घाईसाहेब म्हणायचा, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "घाई आहे" हे ठरलेलं. एकदा एका हॉस्पिटलच्या भिंतींसाठी फिकट हिरवा रंग बनला. ट्यूबलाइटखाली अगदी बरोबर, खिडकीपाशी नेला की राखाडी. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि भाऊजी म्हणाले, नाही जाणार. घाईसाहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते सुनावलं. भाऊजींनी अंगातला एप्रन काढून टेबलावर आपटला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे कसं, तर समोरासमोर उभं राहून शिपायाला सांगायचं, "त्यांना सांग, बॅच थांबलीय." आणि तेही शिपायालाच, "त्यांना विचार, का?" बिचारा शिपाई मान इकडून तिकडे वळवून दमायचा. कारखाना बंद पडेपर्यंत हे असंच चाललं.

कारखाना बंद पडला तो मालक गेल्यावर. मुलांनी जागा विकली, माणसं दाही दिशांना पांगली आणि भाऊजी घरी बसले. सहा-सात महिने. त्यांचं घर आमच्या खालच्याच मजल्यावर. आधी त्यांचा आवाज वरपर्यंत यायचा. पेपरातल्या छपाईवरून, टीव्हीवरून, कशावरूनही. तो येईनासा झाला. मला आधी वाटलं, बरं झालं बाई, जरा शांतता. मग एक दिवस माझी जाऊ वर आली. ती शाळेत गणित शिकवते, कधी हळवी व्हायची नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, काल मी एक निळा आणि एक काळा मोजा घालून शाळेत गेले. यांनी दारात मला बघितलं आणि काही बोलले नाहीत." आणि तिचे डोळे भरले. 

आमच्या यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. यांनी भावाला सांगून ठेवलं होतं, "काही जमलं नाही तर दुकानात बस माझ्याबरोबर." मनानं सांगितलं हो, प्रेमानं सांगितलं. पण दोन भाऊ एका काउंटरमागे, हा विचार करून मला घाम फुटायचा. शिवाय खिळे आणि बिजागऱ्या विकण्यात भाऊजींचा जीव रमणार नव्हता, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

अशात एक गोष्ट जमून आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला रंगाची एक मोठी कंपनी होती, तिथे भाऊजींनी अर्ज केला. प्रयोगशाळेतली परीक्षा झाली, मुलाखत झाली, सगळं उत्तम. मग तिथल्या भरती विभागातल्या मुलीचा फोन आला. "सर, सगळं छान आहे. फक्त तुमच्या जुन्या कंपनीत फोनच लागत नाही." लागणार कसा? तिथे आता कुंपण आणि खड्डा आहे. ती म्हणाली, "मग तुमच्या ऑनलाइन प्रोफाइलची लिंक पाठवा ना. त्यात तुमच्याबरोबर काम केलेलं कुणी असेल, त्यांच्याशी बोलून घेते. हा एक टप्पा झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

प्रोफाइल! भाऊजींनी फोन ठेवला आणि तोंड असं केलं की विचारू नका. "मी काय भाजी आहे का, टोपलीत मांडून ठेवायला? रोज पाणी शिंपडा, ताजी दिसते का बघा."

"अहो, पण सगळेच ठेवतात," मी म्हटलं.

"ठेवू देत. माझं काम भिंतींवर आहे. ज्याला बघायचंय त्यानं जाऊन बघावं."

"त्या भिंतींवर तुमचं नाव लिहिलंय का कुठे?"

भाऊजी खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघायला लागले. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघते, त्यामुळे एखाद्याचं बंद कसं करायचं तेही मला जमतं. आमच्या डॉक्टरीणबाईंची प्रोफाइल मीच सांभाळते. तेव्हा म्हटलं, चला, फोन आणा इकडे, आत्ताच्या आत्ता करून टाकू.

पहिली लढाई फोटोवरून. त्यात शर्ट हिरवा दिसत होता आणि तो हिरवा नव्हता. चार फोटो काढले. पाचव्याला मी सांगितलं, "भाऊजी, आता हसला नाहीत तर मी फोन खिडकीतून खाली टाकीन." ते घाबरून हसले, तोच लावला. मग मी बसून त्यांच्याबद्दल छान पाच-सहा ओळी लिहिल्या. अनुभव, जिद्द, डोळ्याची पारख, सगळं. इतक्यात वरून करपल्याचा वास आला. मी दूध तापत ठेवून आले होते! "कुठेही हात लावू नका" असं ओरडून मी जिना चढले.

हात लावला हो! खाली आले तर माझ्याच हातातला माझा फोन टिंग वाजला. बघते तर काय, भाऊजी मला त्यांच्या व्यावसायिक वर्तुळात सामील व्हायचं आमंत्रण देत होते.

झालं असं की त्या ॲपनं विचारलं, तुमच्या फोनमधल्या सगळ्यांना आमंत्रण पाठवू का? खाली दोन बटणं. एक निळं, 'पाठवा'. दुसरं 'वगळा', पण पांढऱ्यावर इतकं फिकट राखाडी की दिसेल न दिसेल. आणि भाऊजी मला काय सांगतात? "वहिनी, त्या राखाडीला काही अर्थच नव्हता. लोकांनी वाचू नये म्हणूनच लावलेला रंग. तो निळा मात्र चांगला होता, किंचित लालसर झाक असलेला. म्हटलं, ज्यानं एवढं मन लावून केलंय त्याचं बटण दाबावं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमंत्रण सगळ्यांना गेलं होतं. प्लंबरला गेलं, त्याचा फोन आला, "साहेब, नळ परत गळतोय का?" भाऊजींच्या लेकीच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी अभिनंदन कळवलं, कशाबद्दल ते त्यांनाही ठाऊक नसावं. जावेच्या आईचा फोन आला. "जावईबापू, आमंत्रण मिळालं हो. कार्यक्रम किती वाजता आहे?" जाऊ आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसत होतो. कित्येक महिन्यांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

तेवढ्यात भाऊजींचा चेहरा पडला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'उचलू नये' या नावानं साठवलेल्या नंबराला आमंत्रण गेलं होतं, आणि 'उचलू नये' यांनी ते स्वीकारलंही होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"घाईसाहेब."

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. वर्तुळात प्लंबर, त्यांच्या सासूबाई, मी आणि जुन्या कंपनीतला एकच माणूस, तोही हा. आमंत्रण त्या भरतीवाल्या मुलीलाही गेलं होतं; तिनं बघितलं तर कुणाला फोन लावणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. "काढून टाका त्याला," भाऊजी म्हणाले. मी चष्मा लावून शोधायला लागले. काढायचं बटणही त्या लोकांनी कुठल्या पाताळात लपवलं होतं कोण जाणे. मला ते सापडायच्या आधीच त्या मुलीचा मेसेज आला, "सर, प्रोफाइल मिळाली. तुमचे प्रॉडक्शन हेड दिसले, त्यांच्याशी बोलून घेते." मी मुकाट्यानं चष्मा काढला.

"झालं," भाऊजी म्हणाले. "तो माणूस मला पाण्यात बघायचा. विषय संपला, वहिनी." मला म्हणाले, पण बघत होते बायकोकडे.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून आमच्या दुकानात जाऊन बसले. यांनी मला नंतर सांगितलं. एक बाई क्रीम रंगाचा डबा मागायला आल्या. भाऊजींनी विचारलं, खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? फरशी कसली? दिवे पिवळे की पांढरे? बाई म्हणाल्या, "नंतर येते," त्या गेल्या त्या गेल्याच. पण हे भाऊजींना काही बोलले नाहीत.  दोघं भाऊ दिवसभर एकमेकांशी इतकं जपून वागले की घरी आल्यावर आमचे हे न जेवताच आडवे झाले. म्हणाले, "मला नाही बघवत त्याला तिथे."

त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी मी खालीच होते, जावेबरोबर भाजी निवडत. भाऊजींचा फोन वाजला. त्या मुलीचा. भाऊजींनी तो स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. 

"सर, तुमच्या घाई... म्हणजे प्रॉडक्शन हेडशी बोलणं झालं," ती म्हणाली आणि हसली. तिलाही ते नाव कळलं होतं म्हणायचं. "अर्धा वेळ ते तुमच्यावर ओरडतच होते. म्हणाले, या माणसानं माझं जगणं हराम केलं. ट्रक अडवले, ड्रायव्हरांच्या शिव्या मला खायला लावल्या. मी विचारलं, तुम्ही परत काम कराल का त्यांच्याबरोबर? तर म्हणाले, मी? नाव काढू नका."

जावेनं माझा हात घट्ट धरला.

"मग म्हणाले, पण तुम्ही घ्या. तो 'हो' म्हणाला की मी डोळे मिटून ट्रक सोडायचो आणि रात्री निवांत झोपायचो. तशी झोप मला पुन्हा लागली नाही." ती मुलगी पुन्हा हसली. "सर, सोमवारी येताय ना?"

माझा जीव भांड्यात पडला. जावेनं पदर... कसलं काय, ओढणी, ती तोंडाला लावली आणि रडायला लागली. भाऊजी "हो, येतो, हो" एवढंच म्हणत राहिले, फोन बंद झाल्यावरही दोनदा म्हणाले. मी वर जाऊन यांना सांगितलं, तर हे जिन्यातून अनवाणी धावत खाली आले आणि भावाच्या पाठीत असा दणका घातला की तो पुढे झुकला. "सुटलो रे बाबा!" म्हणाले. कोण सुटलं, ते विचारायची गरज नव्हती.

दवाखान्यात मला लोक विचारतात, प्रोफाइल पाहिजेच का हो नोकरीला? मी काय सांगू? मी घाम गाळून लिहिलेल्या त्या ओळी त्या मुलीनं वाचल्यासुद्धा नव्हत्या, मी विचारून घेतलं. आपल्याला ओळखणारा एक माणूस सापडावा, इतकाच त्या प्रोफाइलचा उपयोग. आणि तो काय सांगेल, ते तर आपण आधीच करून बसलेलो असतो. मी म्हणते, बनवा प्रोफाइल, त्यात जातंय काय. फक्त बटणं नीट बघा.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. सगळं शांत झाल्यावर भाऊजींनी 'उचलू नये' ला स्वतः फोन लावला. आम्ही स्वयंपाकघरात, कान बाहेर.  मग भाऊजी म्हणाले, "आभार मानायला केला." पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मग तब्येत, मुलं, घर. घाईसाहेब मुलीच्या घराला रंग देत होते म्हणे. भाऊजींनी विचारलं, "कुठला?" आणि क्षणभरानं एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझ्या हातातलं भांडं निसटलं.

"पांढरा? पांढरा म्हणजे कुठला पांढरा? अहो, तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात काय केलंत?"

पलीकडूनही आवाज चढला, तो आम्हाला इथे ऐकू येत होता. भाऊजी उभे राहिले, हातवारे करायला लागले, खिडक्या किती, ऊन कुठून येतं, सगळं विचारून मोकळे झाले. शेजारी काय म्हणतील म्हणून मी दार लावायला उठले, तर जावेनं मला हाताला धरून खाली बसवलं.

"नको ना ताई," ती म्हणाली. "भांडू दे त्यांना."