दाखल्याचे तीन कागद

प्रिंटरनं पहिला कागद खाल्ला तेव्हा मला नुसता राग आला. दुसरा खाल्ला तेव्हा तिसरा मी लावलाच न्हाय. मी कळंबजवळच्या एका शाळेत क्लार्क. शाळा सोडल्याच्या दाखल्याचे छापील, नंबर टाकलेले कागद तीनच उरले होते, आणि हातानं लिहिलेला दाखला कॉलेज घेत न्हाय. समोर बाकावर आमच्याकडंच बारावी झालेली पोरगी बसली होती. तिचा नर्सिंगला नंबर लागलेला, प्रवेशाचा आज शेवटचा दिवस. धाराशिवची एसटी दीडला होती.

मी काय करायचं बाकी ठेवलं न्हाय. साध्या कागदांचा गठ्ठा फडफडवून लावून बघितला, तोही चुरगळला. कागद सादळला असंल म्हणून नवं रिम फोडलं. ट्रे काढून बसवला. मागचं झाकण उघडून फाटके तुकडे चिमट्यानं ओढले. परत तेच, कर्रर्र आणि लाल दिवा. त्या मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुरुस्तीवाला फोन उचलंना. शेवटी कपाळाला हात लावून बसलो, आता रडायचंच बाकी होतं.

पोरगी उठली, मोबाईलची बॅटरी लावून आत वाकली. हळूच म्हणाली, "सर, रोलरपाशी तांदूळ हायेत."

कुंकू लावलेले तांदूळ. खंडेनवमीला ऑफिसातल्या मशीनची पूजा मीच केली होती. गाडीवर टाकतात तशा मूठभर अक्षता प्रिंटरवर टाकल्या. झाकण उघडं हाय, एवढं बघायची अक्कल न्हाय मला, असं तिच्यासमोरच बोललो. चार दाणे निघाले. तिसऱ्या कागदावर दाखला स्वच्छ आला, पण एसटी कधीच गेली होती.

तिला मोटारसायकलवर मागं बसवून निघालो. धाराशिवला कॉलेजात पोचलो तर प्रवेशाची खिडकी बंद. आतल्या माणसाच्या हातापाया पडलो. यादी वर गेली, आता काही होणार न्हाय, एवढंच तो सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. शिव्या खायच्या तयारीनंच मी उठून उभा राहिलो. त्यांनी हात जोडले. "सर, तुमी पोरीसाठी लई धडपड केली. मशीनच बिघडली, त्याला तुमी तरी काय करनार?"

तिनं घरी तांदळाचं सांगितलंच नव्हतं. ती दारात उभी होती. माझ्याकडं एकदा बघितलं आणि वडलांना म्हणाली, "चला अण्णा, सरांना कामं असतेत."